अकुरेयरी–मीवात्न: एका दिवसात होईल का?

उत्तर आइसलंडमधल्या अकुरेयरी शहरातून सकाळी निघून गोदाफॉस धबधबा, मीवात्न तळं, देत्तिफॉस धबधबा आणि हुसाविक बंदर उरकून रात्री परत, असा तुमचा बेत आहे. गाडी हाकून होईल, पण तीनशे किलोमीटरच्या वर जातं आणि पाहणं काहीच होत नाही. मीवात्नला दोन रात्री राहा.

शहराबाहेर पडताच साडेसात किलोमीटरचा बोगदा लागतो. टोलनाका नाही, कॅमेरा नंबर टिपतो. पैसे ऑनलाइन भरायचे. विसरलात तर बिल गाडी भाड्याने देणाऱ्याकडे जातं आणि तो वर स्वतःचं शुल्क चढवतो. खिंडीतला जुना रस्ता फुकट आहे, पंधराएक किलोमीटर जास्त.

गोदाफॉसला अर्धा तास पुरे. उंची जेमतेम 12 मीटर. सन 1000 च्या सुमारास ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर थोर्गेइर या प्रमुखाने जुन्या देवांच्या मूर्ती इथे सोडल्या, अशी आख्यायिका आहे.

वेळ द्यायचा तो मीवात्नजवळच्या क्वेरिरच्या चिखलकुंडांना आणि क्राफ्ला ज्वालामुखीला. क्वेरिरला राखाडी चिखल रटरटत्या पिठल्यासारखा बुडबुडतो. दोरीपलीकडे पाऊल टाकू नका: फिकट, पांढुरकी-पिवळी जमीन टणक दिसते, पण तो पातळ पापुद्रा असतो आणि खाली उकळती वाफ. पावसानंतर चिखल बुटांना किलोकिलोने चिकटतो. गाडीत पिशव्या ठेवा, नाहीतर स्वच्छतेचे पैसे कापले जातात.

क्राफ्लाला 1975 ते 1984 मध्ये नऊ उद्रेक झाले. तिथल्या लेयर्न्यूकुर टेकडीच्या पायवाटेवर त्या काळ्या लाव्हातून अजून वाफ निघते. सह्याद्रीचा कातळ साडेसहा कोटी वर्षांचा. हा आपल्या आईवडिलांच्या हयातीतला. शेजारचं वीती विवर 1724 चं. जूनमध्येही वाटेवर बर्फ असू शकतो. परतताना रेक्याह्लिद गावातलं चर्च बघा. 1729 चा लाव्हा त्याला वळसा घालून गेला. आताची इमारत नंतरची आहे.

देत्तिफॉसला लहान गाडी असेल तर पश्चिमेचा 862 क्रमांकाचा डांबरी रस्ताच धरा. पूर्वेचा 864 खडीचा आहे. काचेवर दगड उडतात. धबधबा 44 मीटर उंच, आणि पश्चिम काठावर तुषार अंगावर येतात, तेव्हा रेनकोट हवाच. गाडी वाऱ्याकडे तोंड करून लावा, दार हाताने धरून उघडा. वाऱ्याने बिजागरीतून वाकलेलं दार बहुतेक विम्यांत बसत नाही.

मीवात्नच्या गरम कुंडात उतरण्याआधी पूर्ण कपडे काढून साबणाने अंघोळ सक्तीची आहे. लाजून पोहण्याच्या कपड्यांवरच पाणी घेतलं तर टोकतात. चांदीची जोडवी, तांब्याचं कडं काढून ठेवा, गंधकाने काळी पडतात. ग्रोत्यागा या गरम पाण्याच्या गुहेत मात्र अंघोळीला बंदी आहे. जून-जुलैत तळ्याकाठी चिलटांचे ढग असतात (मीवात्न म्हणजेच चिलटांचं तळं), म्हणून डोक्यावरची जाळी न्या. शाकाहारी असाल तर जमिनीच्या उष्णतेत दिवसभर भाजलेला राय (rye) या धान्याचा गोडसर पाव मागा, वर लोणी.

हुसाविकची व्हेल सफर शेवटच्या दिवशी ठेवू नका. वारा वाढला की बोटी सुटत नाहीत, आणि मग दुसरी तारीख घ्यायला हातात दिवस लागतो. सफर साधारण तीन तासांची. उलटीची गोळी बोटीवर चढण्याआधीच घ्या.