१९ महिन्यांच्या मुलीला मुंबई-न्यूअर्क विमानात मांडीवर घ्यावं की वेगळी सीट काढावी?

वेगळी सीट काढा.

दोन वर्षांखालचं मूल मांडीवर नेता येतं, भाडंही मोठ्यांच्या साधारण दहा टक्के, मग बॅसिनेट म्हणजे विमानातला छोटा पाळणा मागून घेतला की भागेल का, असं तुम्ही विचारलंय. नियमाने भागतं. पण याच मुद्द्यावरून माझं आमच्या मोठ्या दिरांशी वाजलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

आम्ही अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसनला राहतो. मुलगा दीड वर्षाचा असताना पुण्याला निघालो, तेव्हा त्याचं पूर्ण तिकीट काढलं आणि गाडीत मुलाला पट्ट्यांनी बांधून बसवायची कार सीट बरोबर घेतली. दिरांना कळल्यावर फोनवरच सुरू झाले, "एवढ्याशा पोराला खुर्ची? पैसे उतू चाललेत का? आमची दोन्ही मुलं मांडीवरच आली, काय झालं त्यांना?" नवराही जरा डळमळला होता. मी ऐकलं नाही.

विमानात खिडकीच्या जागी सीट बसवली, तिच्या पाठीमागच्या खाचेतून विमानाचा पट्टा ओढून घेतला, तेवढ्यात एअर होस्टेस आली. "मॅडम, हे इथे चालत नाही. काढा आणि बाळाला मांडीवर घ्या." नवरा हळूच म्हणाला, जाऊ दे, घे. मी सीटच्या बाजूचं लेबल दाखवलं. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या बहुतेक कार सीटवर ती विमानात वापरायला मान्य असल्याचं लाल अक्षरांत छापलेलं असतं. तिने वरिष्ठांना बोलावलं, त्यांनी वाकून ते वाचलं, पट्टा ओढून पाहिला आणि मान डोलावली. मागे लोक ताटकळले होते, पण ते मला चालणार होतं.

रात्री अटलांटिकवर विमान असं काही हादरायला लागलं की जेवणाच्या गाड्या मागे नेल्या आणि सगळा क्रू पट्टे लावून बसला. पलीकडच्या रांगेतल्या बाईंनी बॅसिनेटमधलं गाढ झोपलेलं बाळ उचलून घेतलं, कारण पट्ट्याचा दिवा लागला की बाळ उचलावंच लागतं. ते किंचाळत होतं आणि त्या त्याला दोन्ही हातांनी छातीशी आवळून बसल्या होत्या. माझा मुलगा पाच पट्ट्यांत जखडलेला, तोंड उघडं टाकून झोपलेला.

दहा-अकरा किलोचं मूल आपण हातात धरू शकतो, हा भ्रम आहे. विमान एकदम खाली गेलं किंवा जोरात थांबलं तर कुठल्याही आईचे हात पुरत नाहीत. १९ जुलै १९८९ ला युनायटेडचं २३२ क्रमांकाचं विमान अमेरिकेत सू सिटीला कोसळलं. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे मांडीवरची मुलं पायाशी जमिनीवर ठेवायला सांगितली होती. त्यातलं एक मूल गेलं. त्या विमानातल्या प्रमुख हवाई सेविका जॅन ब्राउन पुढे अनेक वर्षं मुलांना स्वतंत्र सीट सक्तीची करा म्हणून झगडल्या. सक्ती अजूनही झालेली नाही. आईच्या पट्ट्यात अडकवायचा छोटा पट्टा आपल्याकडे देतात, त्याला अमेरिकन कंपन्यांत परवानगी नाही, कारण धक्क्यात मूल आई आणि पुढची सीट यांच्यामध्ये चेपलं जातं.

दिरांचं म्हणणं, एवढं धोक्याचं असतं तर सरकारने नियम नसता केला? अमेरिकेची विमान वाहतूक यंत्रणा एफएए स्वतःच सांगते की मुलासाठी सर्वांत सुरक्षित जागा म्हणजे कार सीट. तरी सक्ती नाही, कारण तिकीट परवडलं नाही तर लोक मोटारीने जातील आणि रस्त्यावर जास्त मुलं दगावतील. हिशेब बरोबर आहे. पण मुंबईहून न्यूअर्कला मोटारीने कोण जाणार आहे?

आता तुमचं बॅसिनेट. ते फक्त समोर भिंत असलेल्या मोजक्या जागांवर लागतं आणि वजनाची मर्यादा बहुतेक ठिकाणी दहा-अकरा किलोच्या आसपास असते. १९ महिन्यांची मुलगी त्यात मावेल असं धरून चालू नका, आणि विमान उडताना-उतरताना ते वापरता येतच नाही. शिवाय तुम्ही सहा महिने राहणार म्हणजे परत येताना ती दोन वर्षांची झालेली असेल, तेव्हा परतीला वेगळं तिकीट लागणारच. प्रश्न फक्त जातानाच्या सीटचा उरतो. ती लांब बसेल ही भीती नको, बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला आई किंवा वडिलांशेजारीच जागा द्या, असं डीजीसीएने, म्हणजे भारताच्या विमान वाहतूक नियामकाने, २०२४ मध्ये कंपन्यांना बजावलंय. बुकिंग मात्र एकाच पीएनआरवर करा.

तिकीट खरंच झेपत नसेल तर मांडीवर न्या, विमान प्रवास मुळात खूप सुरक्षित आहे आणि बहुतेक मुलं तशीच जातात. दिवा लागलेला नसला तरी स्वतःचा पट्टा सोडू नका. खाली उतरताना शेवटच्या अर्ध्या तासात तिला दूध किंवा पाणी पाजत राहा, कान सहसा कमी दुखतात. सीट घेतलीत तर भारतात विकत मिळणाऱ्या कार सीटवर बहुधा युरोपीय शिक्का असतो, तो चालेल का हे कंपनीला मेलवर विचारा आणि उत्तराचा प्रिंट हातातल्या बॅगेत ठेवा.