तुटक, तुसडा आणि फटकळ

नागपूरहून पुण्यात शिकायला आलेल्या एका मुलीने विचारलं आहे: अप्पा बळवंत चौकातल्या दुकानात तिने पुस्तक मागितलं. "नाही. परवा या," एवढंच उत्तर आलं. ती म्हणाली, किती तुसडा माणूस! पुण्याची मैत्रीण म्हणाली, तुसडा कसला, तुटक बोलला इतकंच. मग हे दोन्ही शब्द एकच का? आणि फटकळ म्हणजे काय?

एकच नाहीत, आणि मैत्रिणीचा शब्द जास्त नेमका आहे. तुटक हे बोलण्या-वागण्याचं विशेषण. तुटक उत्तर, तुटक बोलणं असं आपण म्हणतो. 'तुटक माणूस' सहसा म्हणत नाही. तुसडा मात्र थेट माणसाला चिकटतो, आणि त्याला समोरचा नकोसा झालाय हे त्यात गृहीत असतं. तुटकपणा कानाला ऐकू येतो, तुसडेपणा आपण ताडतो.

आणि ताडतो ते फार थोड्यावरून. नागपुरात "नाही जी", कोल्हापुरात "न्हाई की", पुण्यातही ओळखीच्या ठिकाणी "नाही हो, संपलं बघा". या जी, की, हो, बघा यांनी माहितीत काडीची भर पडत नाही, पण आपुलकी त्यांच्यातच असते. त्यांची सवय झालेल्या कानाला नुसतं "नाही" लागतं. दुकानदाराच्या लेखी मात्र "परवा या" हेच सौजन्य: गिऱ्हाइकाची उद्याची खेप वाचली.

जास्त बोलणाऱ्यांच्या वाट्यालाही हेच येतं. अमेरिकी भाषाभ्यासक डेबोरा टॅनन यांनी १९७८ मध्ये थँक्सगिव्हिंग या सणाच्या जेवणावेळच्या गप्पा ध्वनिमुद्रित करून अभ्यासल्या. न्यूयॉर्कची मंडळी एकमेकांच्या बोलण्यात बोलत होती. त्यांना तो उत्साह वाटत होता. इतरांना मात्र बोलायला जागाच मिळत नव्हती. आपल्याकडे एकाच कृतीला कुणी 'री ओढली' म्हणतं, कुणी 'मध्ये तोंड घातलं'. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण शब्द निवडतानाच आपला निवाडा होऊन गेलेला असतो.

फटकळ वेगळाच. मनात येईल ते आवर न घालता बोलून टाकणारा तो फटकळ. "तोंडाने फटकळ, पण मनाने चांगली" हे आपण सहज म्हणतो. तिथे 'तुसडी' घालून पाहा, जीभ अडखळते. तुमचा दुकानदार फटकळ नव्हता. त्यासाठी त्याने "हे कशाला घेता, दुसरं चांगलं आहे" असं न विचारता सुनवायला हवं होतं.