किनाऱ्यावरचे पहिले हरिकेन

येणाऱ्या हरिकेनची, म्हणजे अमेरिकेकडच्या चक्रीवादळाची, १ ते ५ पैकी श्रेणी कोणती, असे तुम्ही विचारलेत. त्याआधी आपले घर कोणत्या स्थलांतर क्षेत्रात (धोक्यानुसार घरे रिकामी करण्यासाठी आखलेल्या भागात) येते ते पाहा. श्रेणी केवळ वाऱ्याच्या वेगावरून ठरते, जीव मात्र बहुधा पाण्याने जातात. २००८ मध्ये टेक्सासला धडकलेले ‘आइक’ फक्त श्रेणी २ चे होते, तरी समुद्राचे पाणी काही ठिकाणी १५ फुटांहून अधिक चढले. म्हणून घर सोडण्याचा आदेश निघताच, गाडीची टाकी भरून, दिवसाउजेडी निघा.

खिडक्यांना चिकटपट्ट्या लावण्यात वेळ दवडू नका, प्लायवूड ठोका. पट्ट्यांमुळे काच फुटायची थांबत नाही, उलट मोठे धारदार तुकडे उडतात.

नवख्यांची घातक चूक म्हणजे वारा अचानक पडताच बाहेर येणे, कारण तो वादळाचा डोळा, म्हणजे मधला शांत भाग, असू शकतो आणि त्यामागून वारा उलट दिशेने पुन्हा जोरात येतो.

वीज गेल्यावर जनरेटर घरातच काय, गॅरेजमध्येही लावू नये, त्याचा विषारी धूर कोंडतो.