जमिनीला भेग, पण भ्रंशाची की मातीची?

प्रश्न : २००१ च्या भूकंपात कच्छमध्ये फाटलेल्या जमिनीची छायाचित्रे आठवतात. मांजलपूरच्या आमच्या प्लॉटवरही दर उन्हाळ्यात हातभर खोल भेगा पडतात. खालून भ्रंश, म्हणजे दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांवरून सरकतात ती भेग, जात असेल का? घर बांधायचे आहे.
– एक वाचक, बडोदा

उत्तर : दर उन्हाळ्यात पडून पावसाळ्यात बुजणाऱ्या भेगा काळ्या मातीच्या असतात. ही माती ओली झाली की फुगते, सुकली की आकसते, म्हणून भेगांची जाळी चहूकडे पसरते. भ्रंशावर फाटलेली जमीन तशी दिसत नाही. तिथे भेगांचा पट्टा एकाच दिशेने लांब जातो आणि वाटेतला बांध, रस्ता, कुंपण सरकवतो किंवा एक बाजू वर उचलतो. सॅन फ्रान्सिस्कोला १९०६ च्या भूकंपात कुंपणे काही मीटर सरकली होती. शंका असेल तिथे भूशास्त्रज्ञ त्या रेषेला काटकोनात चर खणून मातीचे थर तुटलेत का ते तपासतात.

भूकंपात भ्रंशावरची खडकांची घसरण खोलवर सुरू होते. ती वरपर्यंत पोचली तरच भ्रंशावर जमीन फाटते, आणि साधारण ६ पेक्षा लहान भूकंपात ती क्वचितच पोचते. १९९३ चा किल्लारीचा भूकंप ६.२ चा, पण उथळ, म्हणून तिथे जमीन थोडी उचललेली दिसली. १९९७ चा जबलपूरचा सुमारे ३५ किलोमीटर खोल होता, वर काहीच फाटले नाही. कच्छमध्येच १८१९ च्या भूकंपात अल्लाह बंद नावाचा लांबलचक उंचवटा उभा राहिला; २००१ चा भूकंप मोठा असूनही मूळ भ्रंश वर आला नाही. त्या छायाचित्रांतल्या भेगा बहुतेक पाण्याने भरलेली वाळू पातळ होऊन वरची जमीन सरकल्याच्या.

बडोद्यात खरी काळजी हादऱ्याची आणि मातीची. नर्मदेच्या भ्रंशपट्ट्यात १९७० साली भरूचला नुकसान झालेच होते. म्हणून आधी बोअर घेऊन मातीचा अहवाल करून घ्या. विश्वामित्री नदीलगत भुसभुशीत ओली वाळू लागते का, हेही विचारा. काळ्या मातीत उथळ पाया घालू नका. ऋतूनुसार ओलावा बदलतो त्या थराखाली पोचणारे, तळाशी फुगीर कंद असलेले पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब, घाला. कॉलमच्या उभ्या सळ्यांभोवतीच्या रिंगांचे हूक १३५ अंशांत आत वळवून घ्या. ९० अंशांचे हूक वरचे काँक्रीट झडले की उघडतात आणि उभ्या सळ्या बाहेर वाकतात. बीमच्या सांध्यालगत दोन रिंगांत १०० मिलिमीटरहून जास्त अंतर नको. काँक्रीट ओतण्याआधी स्वतः टेप लावून मोजा, नंतर ते दिसत नाही.