मुंगसाचं इंग्रजी अनेकवचन

प्रश्न असा होता : 'गूस'चं 'गीस' होतं, मग मुलीने 'मॉंगूस'चं 'मॉंगीस' लिहिलं तर चूक का?

उत्तर 'मॉंगूसेस' हेच. काही अमेरिकी कोश 'मॉंगीस'ही दुय्यम रूप म्हणून देतात, पण परीक्षेत ते लिहू नये. मुलीचा तर्क मात्र मला फार आवडला. तो फसतो, कारण 'मॉंगूस'मध्ये 'गूस' नाहीच. ते आपलं मुंगूस आहे. सतराव्या शतकात मुंबई-कोकणात वावरलेल्या जॉन फ्रायरच्या १६९८ साली छापलेल्या प्रवासवर्णनात हा शब्द सापडतो आणि इंग्रजी कोश त्याचं मूळ मराठीत दाखवतात. पुढे स्पेलिंग ओळखीच्या 'गूस'सारखं झालं आणि सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

'गूस'चं 'गीस' होण्यामागे जुना इतिहास आहे. इंग्रजीच्या पूर्वज भाषेत अशा नामांच्या अनेकवचनी प्रत्ययात 'इ' होती. पुढे 'इ' उच्चारायची म्हणून जीभ आधीच्या स्वरालाच पुढे सरकू लागली आणि तो स्वर बदलला. नंतर प्रत्यय झिजून गेला, बदललेला स्वर तेवढा उरला. फूट-फीट, टूथ-टीथ, माउस-माइस ही सगळी त्याच घरातली. हे सारं घडून गेल्यावर कित्येक शतकांनी आलेल्या पाहुण्या शब्दाला तो नियम कसा लागणार? अमेरिकेतल्या मूलनिवासींच्या भाषेतून आलेल्या 'मूस'चंही (एक मोठं हरीण) 'मीस' होत नाही. अनेकवचनातही ते 'मूस'च राहतं.

गंमत म्हणजे आपलं खरं नातं 'गूस'शीही आहे, पण वेगळ्या वाटेने. जर्मनमध्ये त्याला 'गान्स' म्हणतात. इंग्रजीत मधला न गळाला आणि स्वर लांबला. संस्कृत 'हंस' या दोघांचा चुलतभाऊ.

मुंगसाचं कूळ मात्र दुसरीकडे. हिंदीतला 'नेवला' संस्कृत 'नकुल'वरून आला. आपला शब्द कन्नड 'मुंगुसि', तेलुगू 'मुंगिस' यांच्या जवळचा, म्हणजे बहुधा द्राविडी वळणाचा.

आता मराठी अनेकवचन बघा : ते मुंगूस, ती मुंगसं. मधला 'ऊ' इथेही गेलाच! मुलीला हे जरूर दाखवा. स्वर बदलणार हा तिचा अंदाज मराठीत बरोबर ठरतो.