विमानवाहू नौकेला खानसाम्याच्या हाताखालच्या माणसाचं नाव?

तुमचे प्रश्न दोन: अमेरिकेच्या विमानवाहू नौकांना राष्ट्राध्यक्षांचीच नावं देतात, मग सीव्हीएन-८१ला (सीव्हीएन म्हणजे अणुशक्तीवरची विमानवाहू नौका, ८१ हा तिचा क्रमांक) डोरिस मिलर या मेस अटेंडंटचं, म्हणजे खानसाम्याच्या हाताखालच्या माणसाचं, नाव का? आणि डोरिस हे तर बाईचं नाव, नाही का?

पहिल्यातलं गृहीतकच चुकलंय. निमित्झ हे अ‍ॅडमिरल, विन्सन आणि स्टेनिस हे संसदेतले नेते. त्याआधी तर लेक्सिंग्टन, साराटोगा अशी लढायांची नावं असत. नाव ठरवण्याचा अधिकार नौदल सचिवाचा, त्यामुळे त्यात राजकारण येतंच. सीव्हीएन-७५चं मूळ नाव ‘युनायटेड स्टेट्स’ होतं, 1995 मध्ये ते ‘हॅरी ट्रुमन’ झालं. आपलं बरं: विक्रांत गेली, नवी आली तीही विक्रांतच. कान्होजी आंग्रेंचं नाव मुंबईतल्या तळाला आहे, जहाजाला नाही.

आता मिलर. 7 डिसेंबर 1941, पर्ल हार्बर. त्या काळी कृष्णवर्णीय माणसाला नौदलात जेवणखाण, कपडे, भांडी यापलीकडे जागाच नव्हती. जपानचा हल्ला झाला तेव्हा ‘वेस्ट व्हर्जिनिया’ या युद्धनौकेवर हा बावीस वर्षांचा पोरगा धुवायचे कपडे गोळा करत होता. त्यानं जखमींना उचलून हलवलं, मरणासन्न कप्तानाला हलवायला हात दिला, आणि कधीच न शिकवलेली मशीनगन गोळ्या संपेपर्यंत चालवली. किती विमानं पाडली यावर लोक अजून वाद घालतात. मला तो वाद फिजूल वाटतो. सुरुवातीला तर नौदलानं त्याचं नावही जाहीर केलं नव्हतं. कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्रांनी ते लावून धरलं.

27 मे 1942 ला त्याला नेव्ही क्रॉस हे नौदलाचं मोठं शौर्यपदक मिळालं. देणारे निमित्झ, आणि समारंभ ‘एंटरप्राइझ’ या विमानवाहू नौकेच्या डेकवर. हे मला सगळ्यात भारी वाटतं: निमित्झ हे नंतर अणुशक्तीवरच्या विमानवाहू नौकांच्या अख्ख्या वर्गाचं नाव झालं, एंटरप्राइझ हे सीव्हीएन-८०चं नाव आहे, आणि तिच्या पाठची ८१ म्हणजे मिलर. दोन्हींचं कंत्राट जानेवारी 2019 मध्ये एकत्रच दिलं होतं. प्रत्येकी दोन अणुभट्ट्या, वजन लाखभर टन.

मिलर गेलाही विमानवाहू नौकेवरच. 24 नोव्हेंबर 1943, पॅसिफिकमधल्या माकिन बेटाजवळ जपानी पाणबुडीचा टॉर्पेडो ‘लिस्कम बे’च्या बॉम्बकोठाराजवळ लागला आणि सहाशेच्या वर माणसं गेली. ती धाकटी, एस्कॉर्ट (ताफ्यांना सोबत करणाऱ्या) जातीची विमानवाहू नौका होती. म्हणून ‘त्याचा विमानवाहू नौकांशी संबंध काय’ असं विचारणाऱ्यांनी एवढं तरी वाचावं.

नावाची घोषणा 20 जानेवारी 2020 ला, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढलेल्या मार्टिन ल्यूथर किंगच्या नावच्या दिनी, पर्ल हार्बरमध्येच झाली. मुहूर्तात राजकारण होतं का? होतंच. म्हणून नाव वाईट ठरत नाही. दोन माजी राष्ट्राध्यक्षांपेक्षा (८२ला क्लिंटन, ८३ला धाकटे बुश, जानेवारी 2025ची घोषणा) मला हे कैक पटींनी पटतं.

राहिलं ‘डोरिस’. मुलगीच होणार असं सुईण ठामपणे म्हणाली होती, म्हणून हे नाव, अशी हकिकत सांगतात. लोक त्याला डोरी म्हणत. त्याच्या नावानं आधी एक फ्रिगेट (छोटी युद्धनौका) होतीच, पण तिच्यावर नुसतं ‘मिलर’ लिहिलेलं होतं. या वेळी पूर्ण नाव घेतलंय, डोरिससकट.