कंपनीच्या 11 लाखांचं नंतर बघू, आधी ती पॉलिसी परत करा

वाळूजहून एका वाचकाचं पत्र आलंय. वय 44, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत 17 वर्षं सुपरवायझर. कंपनी एनसीएलटीत, म्हणजे दिवाळखोरीची प्रकरणं चालवणाऱ्या न्यायाधिकरणात गेली, गेट बंद झालं, 14 महिने कोणी विकत घेतंय का ते बघितलं गेलं, कोणी आलं नाही आणि आता लिक्विडेशनची, म्हणजे कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवायची ऑर्डर निघालीये. गेट बंद होण्याआधीचे सहा पगार अडकलेत. त्यांनी हिशोब मांडलाय: पगाराचे 2.9 लाख, ग्रॅच्युइटी अडीच, रिट्रेंचमेंटचे (कामावरून कमी केल्याच्या भरपाईचे) 4 आणि रजा-बोनसचे दीड, म्हणजे जवळपास 11 लाख. आणि विचारलंय, यातले निदान 3 लाख पुढच्या वर्षी याच महिन्यापर्यंत मिळतील का?

याच महिन्यापर्यंत का, ते पत्राच्या अगदी शेवटी एका ओळीत आहे. पीएफचे साडेनऊ लाख काढले, बँकेतल्या मॅडमनी त्यातले 3 लाख एका 'गॅरंटीड' विमा प्लॅनमध्ये भरायला लावले, दरवर्षी 3 लाख, सात वर्षं. दुसरा हप्ता कंपनीच्या पैशातून भरू असं ठरवलंय.

अहो, तुमच्या प्रश्नाचं उत्तर दोन महिन्यांनी दिलं असतं तरी चाललं असतं, पण या शेवटच्या ओळीला तारीख आहे! म्हणून आधी फोन केला. पॉलिसीचे कागद हातात पडल्यापासून 30 दिवसांचा फ्री लुक, म्हणजे पॉलिसी परत करायची मुदत असते, तेवढ्यात परत केली तर मेडिकल, स्टॅम्प ड्युटी आणि झालेल्या दिवसांच्या विम्याचे थोडे पैसे कापून बाकी सगळे परत मिळतात. तुमचे कागद येऊन 12 दिवस झालेत. अर्ज विमा कंपनीच्या ब्रांचला द्यायचा, बँकेतल्या मॅडमना नाही, कारण तिथे 'सर, थोडं थांबा, मॅनेजर लीव्हवर आहेत' करत 30 दिवस निघून जातात. पोच म्हणून तारखेचा शिक्का मारून घ्या आणि कंपनीला मेलही टाका. टाळाटाळ झाली तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग पुण्याला विमा लोकपाल आहेत.

आता आकडे बघा. घरात येतात 31 हजार, तुमचे सध्याचे 22 आणि वहिनींचे शिवणकामाचे 9. घरखर्च 32 आणि होमलोनचा हप्ता साडेचौदा. म्हणजे महिन्याला साडेपंधरा हजारांचा खड्डा, वर्षाला जवळपास 1.9 लाख. त्यात हप्त्याचे 3 लाख घाला, झाले 4.9. दोन वर्षांत साडेनऊ लाख साफ आणि पाच हप्ते अजून बाकी, मुलाची इंजिनिअरिंगची फी तर यात धरलेलीच नाही. आणि मिळणार काय, तर 21 लाख भरून पंधराव्या वर्षाच्या शेवटी 38 लाख. ऐकायला दुप्पट वाटतं, पण हा जेमतेम 5 टक्के परतावा झाला. जिथून पैसे काढले त्या पीएफचा दर 2024-25 ला 8.25 होता, आणि नोकरी सुटली म्हणून तुमच्या वयात ते व्याज काही लगेच थांबत नाही. खर्चापुरते काढून बाकीचे तिथेच राहू द्यायचे होते.

तुम्ही पॉलिसीसोबत आलेल्या प्रपोजल फॉर्मचा फोटो पाठवलाय ना, तो झूम करून बघा. वार्षिक उत्पन्न 7 लाख, व्यवसाय नोकरी, आणि खाली सही तुमची. ज्या माणसाची कंपनी बंद पडलीये हे त्याच्या खात्यात पगार यायचा थांबल्यापासून बँकेला दिसतंय, त्याच्याकडून हे भरून घेतलं. मला याचा मनापासून संताप येतो. पीएफचे पैसे खात्यात पडले की आठवड्यात फोन येतो, हे मी सतत बघतोय. आणि ही चुकीची माहिती उद्या तुमच्या घरच्यांना क्लेम करताना नडू शकते, पॉलिसी ठेवायची नाही याला एवढं एक कारणही पुरेसं आहे.

आता तुमचा प्रश्न. वर्षभरात 3 लाख? धरून चालू नका. बजेटमध्ये तिथे शून्य लिहा. मुंबईची जेट एअरवेज आठवा, एप्रिल 2019 ला विमानं थांबली, जूनमध्ये एनसीएलटी, मध्ये खरेदीदाराचा प्लॅन मंजूरही झाला आणि शेवटी नोव्हेंबर 2024 ला सुप्रीम कोर्टानं लिक्विडेशनच सांगितलं, साडेपाच वर्षं गेली.

पण शून्य लिहा म्हणजे हक्क सोडा असं नाही. दिवाळखोरी कायद्याच्या कलम 53 मध्ये पैसे वाटायची रांग ठरलेली आहे. आधी प्रक्रियेचा खर्च, मग लिक्विडेशन सुरू व्हायच्या आधीच्या 24 महिन्यांची वर्कमनची, म्हणजे कायद्याच्या व्याख्येत बसणाऱ्या कामगारांची देणी, आणि ती तारणावरचा हक्क सोडून रांगेत आलेल्या बँकांच्या बरोबरीनं. त्याखाली बाकी स्टाफ, पण त्यांची फक्त 12 महिन्यांची. इथे तुमची गोची आहे. तुमचे पगार थकले 14 महिन्यांपूर्वी. वर्कमन धरलं तर ते 24 महिन्यांत बसतात, स्टाफ धरलं तर 12 महिन्यांच्या बाहेर जाऊन पार खालच्या देण्यांत पडतात, जिथे सहसा काही उरत नाही. रिट्रेंचमेंटचे 4 लाखही वर्कमनलाच. सुपरवायझर म्हटलं की तुमच्या पगाराला तुम्ही वर्कमन नाही, पण ते कार्डावरच्या पदावर ठरत नाही, रोजचं मुख्य काम काय होतं त्यावर ठरतं. तुम्ही लिहिलंय की निम्मी शिफ्ट स्वतः मशीनवर असायचात आणि रजा मंजूर करायचा अधिकार नव्हता. मग जुने शिफ्ट चार्ट, जॉब कार्ड, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या सूचना जे काय सापडेल ते जमवा आणि कामगार कायद्याचा वकील बघा, एकट्यानं नाही, तुमच्यासारखे दहाबारा जण मिळून.

युनियननं यादी दिलीये म्हणून तुम्ही क्लेमच भरला नाही, हे मात्र लगेच सुधारा. त्या यादीत सुपरवायझर असतीलच असं नाही. लिक्विडेटरचं, म्हणजे ही विक्री आणि वाटप करणाऱ्याचं नाव-पत्ता जाहीर सूचनेत असतो, आयबीबीआय या दिवाळखोरी नियामकाच्या साइटवर मिळेल. अपॉइंटमेंट लेटर, पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट आणि फॉर्म 16 जोडून क्लेम टाका, उशीर झाला असेल तरी आधी टाका.

पीएफ आणि ग्रॅच्युइटी फंडातले पैसे त्याच कायद्याच्या कलम 36 प्रमाणे बँकांच्या वाटपात येतच नाहीत. म्हणून पासबुक उघडून बघा, शेवटच्या महिन्यांत स्लिपवर कापलेला पीएफ खरंच जमा झालाय का. नसेल तर स्लिपा लावून पीएफ ऑफिसला तक्रार करा. ग्रॅच्युइटीचा फंड कंपनीनं एलआयसीकडे वगैरे ठेवला होता का तेही लिक्विडेटरला लेखी विचारा. असेल तर अडीच लाखांची बऱ्यापैकी आशा आहे, नसेल तर भांडावं लागेल, कारण फंडच नसला तर लिक्विडेटर हात वर करतात आणि त्यांच्या बाजूनं निकालही आहेत.

पॉलिसीचे पैसे परत आले की 3 लाख घरातल्या खड्ड्यासाठी वेगळे, मुलाच्या पहिल्या दोन वर्षांची फी एफडीत, आणि उरलेल्याला सध्या कोणालाही हात लावू देऊ नका. एक गोष्ट तुमच्या पत्रात कुठेच नाही, कंपनीचा मेडिक्लेम गेलाय. चौघांचा फ्लोटर, म्हणजे सगळ्यांचा मिळून एक मेडिक्लेम याच महिन्यात घ्या, आणि वहिनींना शुगर आहे ते फॉर्ममध्ये स्वतःच्या हातानं लिहा.